बिनमथळ्याचा रकाना

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आठवडा राहिला की आमच्या बंदरावर ऑइलपेंटचा वास सुटतो. एरवी इथं कसला वास असतो ते सांगायला नको. रत्नागिरीत आलेला पाहुणा बंदराचा फाटा लागताच नाकाला रुमाल लावतो, आणि जेवायला बसला की तोच सुरमईचा दुसरा तुकडा मागून घेतो. पण जुलैच्या शेवटी मासळीचा वास जवळजवळ गेलेला असतो. दोन महिने किनाऱ्याला लागलेल्या बोटींवरची झावळ्यांची झापं निघतात, निळ्या-भगव्या रंगाचे डबे फुटतात, लिलावाच्या शेडमध्ये जाळी पसरून माणसं भोकं सांधत बसतात. लोकांना हे दिवस आवडतात. मलाही आवडायचे. आता तो रंगाचा वास आला की मी ऑफिसची खिडकी लावून घेते.

मी इथल्या एका मच्छीमार सोसायटीत क्लार्क आहे. बावीस वर्षं झाली. डिझेलच्या स्लिपा, बर्फाच्या गाड्या, बोटींची कागदपत्रं आणि खलाशांची यादी, एवढं माझं राज्य. तोंडावर सगळे वैशालीताई म्हणतात, पाठीमागे फटकळ म्हणतात, तेही काही खोटं नाही. दर्यात तांडेलाचा शब्द शेवटचा, बोट त्याच्या हुकमावर चालते. पण अर्धवट फॉर्म घेऊन माझ्या खिडकीत आला तर त्यालाही मी परत पाठवते. इतकी नियमाची बाई मी. आणि गेल्या मोसमाबद्दल मात्र वर्षभर तोंड शिवून बसले होते. या आठवड्यात ते उघडावं लागलं, म्हणून हे लिहितेय.

गेल्या वर्षीचा जुलै फार ओला होता. ऑफिसच्या भिंतींना हात लावला तर हाताला पाणी लागायचं. कागद मऊ पडले होते, स्टेपलरच्या पिना गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. रजिस्टरं तरी कोरडी राहावीत म्हणून कपाटात मी बल्ब पेटता ठेवायची. जुना कॉम्प्युटर सकाळी सुरू करून मी चहा प्यायला जायची, परत येईपर्यंत तो कण्हत असायचा. आमचे चिटणीस दत्ताभाऊ, तरुणपणी स्वतः तांडेल होते, आता दोन्ही गुडघे गेलेले. त्या कण्हण्याकडे कान देऊन एकदा म्हणाले, “ताई, हा जायच्या आत ह्याच्यातली माणसं बाहेर काढा हो.”

माणसं म्हणजे यादी. कोणत्या बोटीवर कोण खलाशी, त्याचं गाव कुठलं, घरी कोण, घरचा फोन काय, रक्तगट काय. अडीचशेच्या आसपास माणसं असतील. ही यादी मी जुन्या ऑफिस पॅकेजमधल्या डेटाबेसच्या प्रोग्राममध्ये भरलेली होती, कॉम्प्युटरच्या कोर्समध्ये शिकलेलं तेवढं एकच शहाणपण वापरून. एका वेळी एकच माणूस पडद्यावर यायचा, त्याचं नाव वर, बाकी सगळं त्याच्याखाली. पुढचं बटण दाबलं की पुढचा माणूस. साधं होतं, पण त्यात एक माणूस म्हणजे एक माणूस होता. नाव कुठंही हलवा, घरदार त्याच्याबरोबर हलायचं.

नवा कॉम्प्युटर आला तो वेगळंच पॅकेज घेऊन. त्याला जुनी फाइल दाखवली तर म्हणे ओळखत नाही. मग जुन्यातून यादी साध्या मजकुरात काढली, प्रत्येक माहितीनंतर एक स्वल्पविराम, आणि ती नव्याच्या शीटमध्ये ओतली. जळलं मेलं, तिथं वेगळाच तमाशा. पत्ते आम्ही मुक्काम, पोस्ट, तालुका असे स्वल्पविराम देऊन लिहिलेले, त्यामुळे तालुका जाऊन बसला फोनच्या जागी आणि फोन रक्तगटाच्या. शिवाय नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, ती नव्यात आली तर नुसते आकडे, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. जयगडपासून पूर्णगडपर्यंतची सगळी माणसं एका फटक्यात वेड्यासारखी बडबडायला लागली होती.

मी पंधरा दिवस बसले. बाहेर पाऊस पत्रे बडवत होता, बंदीमुळे खिडकीत चिटपाखरू नव्हतं. एकेक पत्ता जुळवला, एकेक नाव पुन्हा टाइप केलं. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. प्रत्येक नावाबरोबर ते माणूस खिडकीत उभं राहिल्यासारखं व्हायचं, हा उधारीवर विडी मागणारा, तो सही करताना जीभ बाहेर काढणारा. काम संपलं तेव्हा दत्ताभाऊंना बोलावून मी सगळी शीट खालपासून वरपर्यंत सरकवून दाखवली. शाबासकी हवी होती, दुसरं काय.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मधल्या एका रकान्यावर बोट ठेवलं. “हे काय?”

तो रकाना बोटीच्या आणि गावाच्या मधे होता. वर मथळा, ‘वारस’. खाली सगळा कोरा.

हा रकाना सरकारी फॉर्मात होता म्हणून मी यादीतही केला होता. पण तो कधीच भरला गेला नाही. फॉर्म भरायला खलाशाची बायको किंवा आई आली आणि मी विचारलं, की तुमच्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर कुणाचं नाव लिहू, तर ती बाई हात पुढे करून माझं पेन धरायची. “ता नको लिहू ताई. माणूस दर्यावर जातो हाय.” एक नाही, सगळ्याच. पहिल्या वर्षी मी वाद घातला. मग मीही तो रकाना सोडून पुढे जायला लागले. त्या बाईच्या जागी मी असते तर मीही पेन धरलं असतं.

जुन्या प्रोग्राममध्ये तो कोपऱ्यात कुठं तरी दडून राहायचा, कुणाच्या नजरेत येत नव्हता. शीटमध्ये मात्र तो वरपासून खालपर्यंत उभा, प्रत्येक माणसाच्या मधोमध. दत्ताभाऊ चिडले. “मोसमाच्या तोंडावर हा शब्द अडीचशे माणसांच्या डोक्यावर लिहून ठेवलात? पुसून टाका आधी.”

“रकानाच काढून टाकू?”

“रकाना राहू द्या, तपासणीला आले तर विचारतील. शब्द काढा.”

मी शब्द काढला. मथळ्याचा चौकोनही कोरा झाला. आता त्या जागी वरपासून खालपर्यंत एक पांढरी पट्टी होती, आणि तिच्यात काहीच नव्हतं. भाऊंना बरं वाटलं. मलाही बरं वाटलं, हे इथं लिहून ठेवते.

त्यानंतर जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. ती माझी हौस. यादी बोटींच्या नंबराप्रमाणे होती, आणि प्रत्येक बोटीत आधी तांडेल, मग ज्या क्रमानं माणसं लागली त्या क्रमानं. मला वाटलं, बोटीतल्या बोटीत नावं बाराखडीप्रमाणे लावली तर शोधायला सोपं. एका नावावर टिचकी मारली, आधी बोट आणि मग नाव असा क्रम निवडून बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी नावं आपापल्या जागी जाऊन बसली. काय सुरेख दिसत होतं ते!

शीटमधला चौकोन न् चौकोन सुटा असतो, हे मला माहीत नव्हतं. तिला माणूस कळत नाही, भरलेली जागा आणि कोरी जागा एवढंच कळतं. एक अख्खा रकाना कोरा दिसला की ती समजते, इथं एक यादी संपली, पलीकडे दुसरी आहे. म्हणून पट्टीच्या अलीकडची नावं हलली आणि पलीकडची घरं होती तिथंच राहिली. तिनं मला विचारलंसुद्धा नाही. आणि बोटींचा क्रम मुळात बरोबर असल्यामुळे घोटाळा बोटीच्या बाहेर गेला नाही. एकाच बोटीवरच्या माणसांची घरं एकमेकांत बदलली, एवढंच झालं.

बरं, मी तपासलं नाही असंही नाही. एकूण माणसं मोजली, बरोबर भरली. पहिल्या नावाचा फोन लावून पाहिला. पहिल्या बोटीचा तांडेल अनंत. तो तांडेल म्हणून आधीही पहिला होता आणि अ वरून आताही पहिला राहिला. फोन त्याच्या आईनं उचलला. मी खुशाली विचारली आणि समाधानानं ठेवून दिला. त्याच आठवड्यात जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला.

बंदी उठली. नारळ वाहिले, फटाके वाजले, बोटी एकामागून एक बाहेर पडल्या. ऑगस्टातला आमचा समुद्र कधी पाहिलाय? मातकट असतो. नद्यांनी आणलेला तांबडा गाळ किनाऱ्यापासून आत लांबवर पसरलेला असतो, आणि त्याच्या पलीकडे एकदम काळसर पाणी. माणसं ती रेघ ओलांडून गेली की ऑफिस पुन्हा शांत होतं. मी वायरलेसचा आवाज बारीक करून ठेवते आणि कामाला लागते. त्या खरखरीची सवय होते, चालू पंख्याची होते तशी.

तो दिवस मोसम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातला. सकाळचे साडेनऊ झाले असतील. वायरलेसवर ‘भाग्यलक्ष्मी’चा तांडेल बोलत होता, आवाज तुटत होता. जाळं ओढताना लाट आली, एक खलाशी गेला. तासाभरानं सापडला, पण त्यात काही राहिलं नव्हतं. इंजिन बिघडलंय, बोट रखडत येईल, मयत हर्णैकडच्या एका बोटीवर चढवून पुढे पाठवलंय. नाव महादेव. दत्ताभाऊ उठून वायरलेसपाशी आले. त्या बोटीचा नाखवा, म्हणजे मालक, उपचारासाठी मुंबईला गेलेला, त्यामुळे घरी कळवायचं आमच्यावर आलं. ‘महादेव’ म्हटल्यावर आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे कुणी येईना. बंदी लागायच्या जरा आधी नवीनच लागलेला, फॉर्म तांडेलानंच भरून आणलेला. भाऊ म्हणाले, “ताई, यादी बघा. घरी कळवा.”

मी यादी उघडली. महादेव. बोट भाग्यलक्ष्मी. मग ती पांढरी पट्टी. मग गाव, पावसच्या अलीकडचं. घरी, पत्नी सुगंधा. आणि फोन.

मरणाची बातमी फोनवर कशी देतात हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. देत नाहीत. गेला हा शब्द उच्चारायचा नाही, आणि गेलेल्याचं नाव घरची माणसं येईपर्यंत कुणी तोंडातून काढायचं नाही, बंदरावर तर मुळीच नाही. फक्त म्हणायचं, लागलंय. ऐकणाऱ्याला कळतं. मी बावीस वर्षांत चार वेळा असा फोन केलेला, त्यामुळे वाक्यं तयार होती.

“सोसायटीतून बोलतेय. घरी कोण आहे तुमच्याजवळ?”

“सासूबाई हायत. का हो ताई?”

“तुमच्या मालकांना जरा लागलंय. दिराला नाहीतर भावाला घेऊन बंदरावर या.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिनं विचारलं, “जरा म्हणजे?”

“या तुम्ही.”

तिनं फोन ठेवला नाही, तो हातातून पडला असावा. कुकर वाजत राहिला आणि मग एक म्हातारी बाई ओरडायला लागली. मी फोन बंद केला, पाणी प्यायले. नाव घेतलं असतं, नुसतं एकदा महादेव म्हटलं असतं, तर ती म्हणाली असती, आमच्यात महादेव कुणी नाय हो. तेवढ्यावर सगळं वाचलं असतं. पण मी रीत पाळत होते ना! आयुष्यभर लोकांना फटाफट बोलणारी मी, त्या दिवशी मोठी हळुवार झाले होते.

सुगंधा दिराबरोबर रिक्षातून आली. बत्तीस-तेहतिशीची, अंगावर घरातलीच साडी, एका पायात चप्पल नाही. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. मनगटावर काच लागल्याच्या बारीक लाल रेघा होत्या. त्या तिनं फोडल्या की सासूनं, हे मी विचारलं नाही. हर्णैची बोट आधीच लागली होती. पाऊस पडत होता म्हणून मयत लिलावाच्या शेडमध्ये आणून ठेवलेलं, ताडपत्रीत गुंडाळून वरून दोरी बांधलेली. पोलीस पंचनाम्याला येईपर्यंत कुणी सोडायचं नाही असं ठरलेलं. तोवर तिला तिथंच बसवलं.

शेडमध्ये लिलाव थांबला होता. बायका पाट्या बाजूला सारून लांब उभ्या होत्या. त्यांतली शेवंती पुढे आली. तिला मी कित्येक वर्षं ओळखते. चाळिशी उलटलेली, काळीसावळी, आवाज असा की लिलावात पुरुष गप्प बसतात. बांगडे तिच्याकडूनच घ्यायचे आणि दोन शिव्या खाऊन घ्यायचे, असा आमचा रिवाज. तिचा नवरा मुंबईला गोदीत असतो, इतकं मला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं. ती कधी घ्यायची नाही, “आमचे हे” म्हणायची, आणि मी कधी विचारलं नाही.

“कुठल्या बोटीचा गो?” तिनं मला हळूच विचारलं.

“भाग्यलक्ष्मी.”

तिनं छातीवर हात ठेवला. “अगो बाय! आमचे हे पण त्याच बोटीवर हायत. मुंबई सोडून आले ना औंदा.” मग सुगंधाकडे बघून विचारलं, “हिचा?”

मी मान हलवली.

शेवंती सुगंधाच्या शेजारी खाली फतकल मारून बसली. ओल्या फरशीवर, खवल्यांत. तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या तोंडाला लावलं, ते हनुवटीवरून ओघळलं तर पदरानं पुसलं. “रड बाय, रड. धरून ठेवू नको.” सुगंधा रडत नव्हती. ती ताडपत्रीच्या दोरीकडे बघत होती. असा अर्धा तास गेला असेल. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि बर्फाच्या पेट्यांतून पाणी ठिबकत होतं. मी खांबाला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, बरं झालं, हिला शेवंतीसारखी कुणी तरी मिळाली.

पोलीस आले. दोरी सोडली, ताडपत्री बाजूला केली. सुगंधानं वाकून पाहिलं.

“हा नाय,” ती म्हणाली.

कुणालाच कळलं नाही. तिनं पुन्हा पाहिलं आणि ओरडली. “हा नाय! हा माझा नाय! आमचे हे नव्हं हे!” तो आनंदाचा आवाज होता. ती उठून उभी राहिली, दिराचे दोन्ही दंड धरून त्याला हलवायला लागली, हसायला लागली. मयतासमोर इतकं उघडं हसू मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला दोष तरी काय द्यायचा?

शेवंती अजून खालीच बसलेली होती. तिनं मान वळवून सहज पाहिलं, माणूस बघतो तसं. मग ती गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. ओरडली नाही. त्याच्या कपाळावरचे ओले केस मागे सारले, सुटलेली ताडपत्री ओढून हनुवटीपर्यंत नीट घातली, झोपलेल्याला घालतात तशी. पोलिसाकडे बघून म्हणाली, “ह्यांच्या अंगात कालपासून कसर होती. मी म्हटला, जाऊ नका.”

त्या दुपारी मी ऑफिसचं दार लावून कपाटातले कागदी फॉर्म काढले आणि शीटशी ताडून पाहिले. भाग्यलक्ष्मीवरच्या रमाकांतची सुगंधा महादेवसमोर होती. महादेवची शेवंती भलत्याच नावासमोर. मग दुसरी बोट पाहिली, तिसरी पाहिली. प्रत्येक बोटीत तेच. अडीचशे माणसांची घरं मी फिरवून टाकली होती, आणि त्यातली एकच चूक बाहेर आली होती कारण मेला एकच होता. शीट पहिल्यापासून फॉर्मावरून भरायला घेतली, ते काम आठ दिवस चाललं, आणि त्या आठ दिवसांत वायरलेस खरखरला की मी हातातलं पेन टाकून त्याचा आवाज मोठा करायची.

मला कुणी काही बोललं नाही. दत्ताभाऊंनी बंदरावर सांगून टाकलं, कॉम्प्युटरची चूक झाली. लोकांनी ते लगेच मान्य केलं. कॉम्प्युटर चुकतो, लाइट जाते, रस्त्याला खड्डे पडतात, असं त्यांनी ते आपल्या रोजच्या गोष्टींत घालून टाकलं. शब्द पुसायला आपणच लावला होता हे भाऊंच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना न सांगणं म्हणजे त्यांच्यावर माया, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे त्यांना सांगितलं असतं तर मलाही पुढे सांगावं लागलं असतं.

रमाकांत दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी पोचला. त्यानंतर तो बोटीवर चढला नाही, पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत राखणीला लागला. सासूनं सुगंधाच्या हातात बांगड्या भरायला म्हणे कितीतरी दिवस लावले. एकदा फुटल्या त्या फुटल्या, आता परत भरणं शुभ की अशुभ, हे घरात ठरेना. शेजारणी तिला हळदीकुंकवाला बोलवताना अडखळायला लागल्या. नवरा जिवंत, समोर बसून जेवतोय, आणि बायकोकडे गाव तसं बघतंय. मी एकदा फोन केला, माफी मागायला. वाजत राहिला. सोसायटीचा नंबर दिसला की ती उचलत नाही, असं तिच्या दिरानं सांगितलं.

आणि शेवंती. ती महिनाभरानं पुन्हा लिलावात उभी राहिली, कपाळ मोकळं, आवाज तोच. मी मासे दुसरीकडून घ्यायला लागले. शेडमध्ये ती उजवीकडे बसली तर मी डावीकडून जायची. लाज वाटते लिहायला, पण वर्षभर मी त्या बाईला असं चुकवलं. चुकीच्या फोनमुळे तिला काही तास उशिरा कळलं, एवढंच तिला माहीत होतं. कुणाच्या हातून, कशासाठी, हे माहीत नव्हतं.

परवा रंगाचा वास सुटला आणि मला ऑफिसात बसवेना. नव्या मोसमाचे फॉर्म टेबलावर आले होते. छत्री घेतली आणि बाजारात गेले. बंदीत शेवंती सुकी मासळी विकते, भाजीबाजाराच्या टोकाला, वर निळं प्लास्टिक ताणून. मला बघून म्हणाली, “वाट चुकलीस काय गो ताई? सुकट देऊ?”

मी तिच्यासमोरच्या उपड्या क्रेटवर बसले आणि सगळं सांगितलं. रकाना, पुसलेला शब्द, माझी नावं लावायची हौस, फोनवर न घेतलेलं नाव. कॉम्प्युटर नव्हे, मी. कॉम्प्युटरला मी सांगितलं तसं त्यानं केलं. बाजूची भाजीवाली वळून बघत होती. शेवंती सुपातली सुकट निवडत राहिली. मधे एकदा थांबून एक खडा काढला, बाजूला फेकला. मी रडायला लागले तेव्हाही तिचा हात थांबला नाही.

“मरण काय तू नाय आणलंस,” शेवटी ती म्हणाली. “ता दर्यानं आणला. उशिरा कळला, त्याचा पण मना काय नाय. आधी कळून मी काय करणार होते?”

मला वाटलं, सुटले. इतकी नालायक मी.

तिनं सूप खाली ठेवलं. “पण त्या शेडमध्ये मी तिला धरून बसले होते ना. पाणी पाजत होते. तोंडानं तिला रड रड म्हणत होते, आणि मनात देवाला हात जोडत होते. बरा केलास रे देवा, हिचा नेलास, माझा राखलास. एकदा नाय गो. परत परत म्हणत होते. खूश होते मी. आणि हे तिथंच पडलेले, माझ्या पायाशी.”

प्लास्टिकवर पाणी साचून खाली झोळ आला होता. तिनं काठीनं तो वर ढकलला, पाणी मागच्या बाजूला सांडलं. मग ती माझ्याकडे वळली.

“त्यांना ऐकू गेला असंल काय गो ताई?”

ती उगाच विचारत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत, उत्तरासाठी थांबली होती.